एक मीटर एक्क्याण्णव

माको, १९ जुलै १९९२

एमोके,

तुझ्या बाबांनी ऑलिंपिकसाठी नवी अँटेना आणली होती, ती अजून खोक्यातच आहे. टीव्हीवर त्यांनी टेबलाचं कापड टाकलंय आणि वर जिरॅनियमची कुंडी ठेवलीय. मी विचारलं, "देझो, टीव्ही काय मेलाय?" तर म्हणाले, "नाही, मौनात आहे. तूही जरा बस."

तू सोम्बतहेयला पोहोचलीस हे मला त्यांच्याकडूनच कळलं. हंगेरीचं पार दुसरं टोक निवडलंस. आणखी थोडी पुढे गेली असतीस तर ऑस्ट्रियात पडली असतीस.

तू मला बोलू दिलं नाहीस, म्हणून लिहिते. बार्सिलोनाला जायला एक मीटर ब्याण्णव हवे होते. शेवटची संधी आपल्याच मैदानावर होती आणि नेमका नेहमीचा पंच पित्ताशयाच्या खड्यांनी आडवा झाला. तू म्हणालीस, "आई, तू नको. दुसरं कुणीही चालेल." पण दुसरं आहे कोण या गावात? तीस वर्षं उंच उडीची पंच आहे मी. स्पर्धा सुरू झाली की मी कुणाची आई नसते.

दोनदा दांडी पडली. तिसऱ्यांदा तू अशी गेलीस की दांडी हललीसुद्धा नाही. मग मी ती पुन्हा मोजली आणि ती एक एक्क्याण्णव निघाली. यात माझा काय गुन्हा? आपल्या जुन्या दांडीला बाक आहे, हे तुला लहान असल्यापासून माहीत आहे. लाल खूण पळत येणाऱ्याच्या समोर असली की बाक वर. खूण मागे गेली की बाक खाली, आणि मधोमध एक सेंटिमीटर कमी भरतो. तू दुसऱ्यांदा पाडल्यावर बांदीकाकाने ती उलटी ठेवली. साठी उलटलेला माणूस, मैदानाची राखण करता करता म्हातारा झालाय, मी त्याला दोष देत नाही. पण चूक झाली हे खरं.

आणि निरीक्षकांनी तुला आणखी एक उडी देऊ केली होती! तू बूट काढलेस आणि अनवाणी चालत फाटकाबाहेर गेलीस. ती उडी का घेतली नाहीस, हे मला आजही कळत नाही. अंगात दम होता, चार बोटं उंची शिल्लक होती. हट्टीपणा तुझा, आणि बोल मला.

आंबट चेरींचा मुरांबा केलाय. बरण्या कुठे पाठवू ते कळव.

तुझी आई


माको, ८ नोव्हेंबर १९९२

एमोके,

चार पत्रांना उत्तर नाही. ठीक आहे. तू दर रविवारी अकराला बाबांना फोन करतेस तेव्हा मी स्वयंपाकघरात असते, एवढं तुला माहीत असावं. मला फक्त "हं", "हं", "अगं हो" एवढंच ऐकू येतं. फोन ठेवल्यावर विचारलं की हे म्हणतात, "मी काही टपालखातं नाही, गिझेला."

एक बातमी आहे. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. जिल्ह्याने मला भिंतीवर लावायची सन्मानपट्टी दिली. पितळेची आहे, खाली नाव कोरलंय आणि वर "क्रीडांगणावरील प्रामाणिकपणाबद्दल" असं. सभागृहात तीनशे माणसं होती. एका साहेबांनी भाषण केलं, म्हणाले, पोटच्या मुलीचं ऑलिंपिक समोर असताना या बाईंनी सत्य सोडलं नाही. शाळेतल्या मुली उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मी नाही म्हणणार होते, पण समारंभ ठरलेला होता, कोबीचे रोल शिजत होते, नाही कसं म्हणायचं?

बाबा आले नाहीत. त्या दिवशी त्यांना अचानक मधमाश्यांच्या पेट्या रंगवायच्या होत्या. नोव्हेंबरात.

पट्टी बोळात लावलीय, कोट टांगतो तिथे. मागच्या रविवारी बाबांनी तुला ते सांगितलं असणार, कारण नंतर ते बराच वेळ रिसीव्हर कानाला धरून नुसते उभे होते. तू काय म्हणालीस? मला सांगितलं तर मी काही मरणार नाही.

तुझी आई


माको, २३ मार्च १९९३

एमोके,

आज तुझा नामदिन, कॅलेंडरवर तुझ्या नावाचा दिवस. खसखशीचा रोल पाठवला होता, तो काल परत आला. टपालवाली म्हणाली, "बाई, घ्यायला नकार दिलाय, मी तरी काय करू?" तिच्यासमोर मी हसले. रोल तिलाच देऊन टाकला.

तू जेनोआत एक चौऱ्याण्णव उडालीस, ते वर्तमानपत्रात तीन ओळींत आलं. कात्री घ्यायला गेले तर बाबांनी आधीच कापून खिशात टाकलेलं. एक चौऱ्याण्णव! नऊ महिने आधी हे झालं असतं तर, असं मी म्हणणार नाही. म्हटलंच म्हणा.

टीव्हीवर तुझी उडी दोनदा दाखवली. एक गोष्ट विचारायची होती. धावायच्या आधी तू दांडीपाशी जातेस, वाकतेस, तिच्याकडे बघतेस आणि मग मागे येतेस. प्रत्येक वेळी. समालोचक हसून म्हणाला, ही हंगेरीची मुलगी दांडीशी बोलते. तू पूर्वी असं करत नव्हतीस. बांदीकाकाला सांगितलं तर तो खाली बघत म्हणाला, "माझ्यामुळे लागली तिला ती सवय." त्याच्या जागी आता मैदानावर दुसरा माणूस आलाय. बांदीकाकाला कुणी काढलं नाही, त्यानेच किल्ल्या आणून दिल्या. मी त्याला म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका हो." यापलीकडे मी काय म्हणणार होते?

नामदिनाच्या शुभेच्छा. बत्तीस नंबरच्या घरातला कुत्रा मेला. बाकी सगळं तसंच आहे.

तुझी आई


माको, १६ जून १९९६

एमोके,

मी आले होते. नर्सने सांगितलं की नाही, कोण जाणे.

रेडिओवर कळलं की अॅटलांटाच्या ऑलिंपिकला महिना उरला असताना सरावात तुझ्या टाचेची शीर तुटली. उडी ज्या पायावर घेतेस, त्याच पायाची. मी बाबांना चिठ्ठीही न लिहिता पहिली गाडी पकडली. मांडीवर कोंबडीच्या सुपाचा डबा, वर दोन टॉवेल गुंडाळलेले. बुडापेस्टला पोहोचेपर्यंत माझा स्कर्ट पिवळा झाला होता.

वॉर्डच्या दारातच नर्स उभी. "कोण आपण?" आई, म्हटलं. ती आत गेली, बाहेर आली. म्हणाली, "झोपलीय ती."

"दुपारच्या बाराला?"

"हो."

"मी थांबते."

ती पुन्हा आत गेली. या वेळी बाहेर यायला तिला वेळ लागला. तरुण पोर होती, खोटं बोलायची सवय नव्हती, मान लाल झाली होती तिची. "ती म्हणतेय की ती संध्याकाळपर्यंत झोपेल." मी म्हटलं, "आणि उद्या?" तर म्हणाली, "मावशी, सूप मी देते तिला, खरंच देते. तुम्ही घरी जा."

दार पुरतं लागलेलं नव्हतं. मला तुझे पाय दिसले. एक प्लास्टरमधला, एक उघडा. उघड्या पायाची बोटं तू आत वळवून घट्ट धरली होतीस. लहानपणी इंजेक्शन देताना तू हेच करायचीस. झोपलेल्या माणसाची बोटं अशी नसतात.

मी काही करू शकत नव्हते. चोपन्नाव्या वर्षापर्यंत मी पोरींना ओरडून ओरडून उडायला शिकवलं, मुरगळलेले पाय बांधले, रडणाऱ्यांना उभं केलं, आणि माझ्या मुलीच्या खोलीत चार पावलं टाकायची मला मुभा नव्हती. बाकावर बसले, परतीच्या गाडीची वेळ झाली तशी उठले.

सूप दिलं का तिने?

आई


माको, ३० ऑगस्ट १९९८

एमोके,

युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेला बुडापेस्टच्या स्टेडियममध्ये मी आणि बाबा होतो. बाविसावी रांग. तू वर बघितलंस तेव्हा बाबांनी टोपी हलवली, मी खाली वाकले. मी दिसले तर तुझी धाव बिघडेल, अशी भीती वाटली.

शिवलेल्या टाचेवर, अठ्ठाविसाव्या वर्षी, स्वतःच्या देशात! सगळं स्टेडियम ठेका धरून टाळ्या वाजवत होतं. तू दांडीपाशी जाऊन वाकलीस तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतला एकजण बायकोला म्हणाला, "ही तीच, जिच्या आईने हिला ऑलिंपिकला जाऊ दिलं नाही."

बायको म्हणाली, "अगंबाई! का?"

"प्रामाणिक होती म्हणे."

"असली प्रामाणिक आई वैऱ्याला मिळो," ती म्हणाली आणि सूर्यफुलाच्या बिया सोलू लागली.

बाबांनी माझा हात धरला. बावीस वर्षांत धरला नव्हता. आणि तेवढ्यात तू एक ब्याण्णवला तिसऱ्यांदा पाडलीस. तोच आकडा. गादीवर पडल्यापडल्या तू आभाळाकडे बघत राहिलीस, पंचाने येऊन उठवलं तुला. आठवी आलीस. संध्याकाळी तू सांगितलंस की आता बास.

चौदा वर्षं स्पर्धांत उडालीस. एक शहाण्णव ही तुझी सर्वांत मोठी उडी. सगळ्या कात्रणांवर आता बाबांचा हक्क आहे, मी फक्त ते झोपले की बघते. ऑलिंपिक एकही नाही. ब्याण्णवला मी, शहाण्णवला टाच.

बोळातली पट्टी मी काढली. भिंतीवर तिचा पांढरा चौकोन राहिलाय, बाबा म्हणतात रंग देऊ, पण देत नाहीत.

आई


माको, २२ फेब्रुवारी २००४

एमोके,

बांदीकाका गेला. गुरुवारी पुरला. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणायला दोन दिवस लागले. तुझा हार पोहोचला, पांढऱ्या फिती होत्या त्याला.

नंतर त्याच्या घरी खारी पोगाचा-बिस्किटं आणि वाइन होती. तेरका, त्याची बायको, मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "गिझी, तू त्याला कधी टाकून बोलली नाहीस, हे तो विसरला नाही. शेवटच्या आठवड्यातसुद्धा म्हणायचा, माझ्या हाताने त्या पोरीचं वाटोळं झालं, आणि तिची आई मात्र मला रस्त्यात थांबून नमस्कार करते."

माझ्या हातातली ताटली खाली पडली. मग मी तिला सांगितलं. आता तुला सांगते. बारा वर्षं उशिरा.

दांडी मी ठेवली होती.

तू दुसऱ्यांदा पाडलीस तेव्हा ती माझ्या पायाशी आली. बांदीकाका पलीकडच्या खांबापाशी होता. मी उचलली, फिरवली, दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. त्याने फक्त ते खुंटीवर टेकवलं. माझे हात थरथरत होते. तीस वर्षांत मी खूण बघितल्याशिवाय दांडी ठेवली नव्हती, आणि त्या दिवशी बघितली नाही, कारण माझं सगळं लक्ष तुझ्या तोंडाकडे होतं. स्पर्धेत मी कुणाची आई नसते म्हणे!

नंतर निरीक्षकांनी विचारलं, कुणी ठेवली? बांदीकाका म्हणाला, "मीच असेन." त्याला वाटलंच तसं. मी गप्प राहिले. एका वाक्याचं काम होतं.

आणि प्रामाणिकपणासाठी पुन्हा मोजली, हेही खोटंच आहे. कुणी मोजायला सांगितलं नव्हतं. गरज नव्हती. मला तो आकडा पुन्हा बघायचा होता, एवढंच. माझी मुलगी एक ब्याण्णव उडाली, तो आकडा मला माझ्या डोळ्यांनी मोजपट्टीवर बघायचा होता. सगळे तुला मिठ्या मारत होते, मी पंच होते, मला धावत येता येत नव्हतं, म्हणून मी मोजपट्टीपाशी गेले. आम्हा पंचांना मोजलं की मोठ्याने ओरडायची सवय. डोक्यात काही यायच्या आत तोंडातून निघालं, "एक मीटर एक्क्याण्णव!" शब्द बाहेर पडल्यावर मला कळलं मी काय बोलले. एक मिनिट मिळालं असतं ना, तर मी मोजपट्टी गुंडाळून गप्प बसले असते, शपथ घेऊन सांगते. आणि या तोंडाच्या सवयीला त्यांनी पितळेची पट्टी दिली, आणि मी कोबीचे रोल खाऊन ती घरी आणली.

परवा ती परत करायला जिल्ह्याच्या कचेरीत गेले. तिथे आता एक नवा माणूस आहे, तुझ्यापेक्षा लहान. सगळं ऐकून घेतलं त्याने. म्हणाला, "बाई, परत घ्यायचा अर्जच नाही आमच्याकडे. आणि आता कुणाला काय फरक पडतो? कॉफी घेणार?" पट्टी पिशवीत घालून मी घरी आले.

तेरकाने खाली बसून ताटलीचे तुकडे वेचले आणि म्हणाली, "घरी जा, गिझी."

कुणीच माझ्यावर ओरडत नाही. तू तरी ओरड.

आई


माको, ४ एप्रिल २००४

एमोके,

तुझं पत्र आलं त्याला पाच आठवडे झाले. बाबांनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि मधमाश्यांकडे निघून गेले. तुझं अक्षर बदललंय, मोठं झालंय.

तुझी वाक्यं मला पाठ झालीत. तू लिहितेस, "आई, तू दांडी फिरवलीस ते मी बघत होते. लाल खूण मागे गेली हेही बघितलं. मला वाटलं, तू मुद्दाम केलंस. सातव्या वर्षापासून तू माझ्या प्रत्येक उडीत खोट काढलीस, टाच, गुडघा, खांदा, आणि त्या दिवशी, सगळ्यांसमोर, तू माझ्यासाठी लबाडी केलीस, असं मला वाटलं. त्या जोरावर मी गेले. उंचीमुळे नाही, तू माझ्या बाजूची झालीस म्हणून. आणि मग तू मोजपट्टी घेऊन आलीस. मला वाटलं तू घाबरलीस, मला विकून तू सुटलीस. तुझ्या हाताने ठेवलेल्या दांडीवरून मला पुन्हा उडायचं नव्हतं. पण रागावले तरी एक गोष्ट होती माझ्यापाशी. तू एकदा तरी केलं होतंस. आता तू लिहितेस की हात थरथरले. आता मला एवढंच सांग. खूण तुझ्या लक्षात आली असती, तर तू दांडी तशीच राहू दिली असतीस का?"

म्हणजे सहा वर्षं तू प्रत्येक दांडीपाशी वाकून काय शोधत होतीस, ते मला आत्ता कळतंय. आणि कबुलीजबाब देऊन मी माझं ओझं उतरवलं, तेव्हा तुझ्यापाशी जे काही थोडं होतं तेही काढून घेतलं. ते पत्र लिहिलंच नसतं तर बरं झालं असतं. आता लिहिलेलं परत घेता येत नाही, त्याचाही अर्ज नसेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी तीनदा "हो" असं लिहिलं. एकदा तर पाकीट चिकटवून टपालपेटीपर्यंत गेले. "हो, बाळा, तशीच ठेवली असती." किती सोपं आहे. तुला बरं वाटलं असतं. बाबा ईस्टरला तुझ्याकडे येताहेत, तू कदाचित मलाही ये म्हणाली असतीस. हॅम उकडलं असतं, अंडी रंगवली असती. बाबा म्हणाले, "लिही ना, 'हो' म्हणून. एवढं आयुष्य खरं बोलून काय मिळवलंस?" त्यांना वाटतं, मी आयुष्यभर खरं बोलले.

तिन्ही पत्रं चुलीत घातली. मोजून झाल्यावर गप्प बसणं मला जमलं असतं. ते मागच्या पत्रात लिहिलं तसं खरं आहे, गप्प बसायला मला येतं, बांदीकाकाला विचार. पण तू धावायला उभी असताना, खूण मागे दिसत असताना, हात बाजूला ठेवणं? नाही, एमोके. मी हात वर करून तुला थांबवलं असतं आणि दांडी सरळ केली असती. आणि तू ती पाडलीही असतीस कदाचित, आणि मी तुला सांगितलं असतं की खांदा उशिरा वळला.

ज्या आईच्या जोरावर तू त्या दिवशी उडालीस, ती मैदानावर नव्हती. तिथे मी होते. बारा वर्षं तू जिच्यावर रागावलीस, तिचा मला हेवा वाटतो.

आई